कोंबडीची पिसं खाणारी बुरशी खरंच असते का?

माणदेशी_मीनल | ८ जून, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी. पाच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

फलटणजवळ हायवेला माझ्या दिरांचं चिकन सेंटर आहे. हिशोब मी बघते. दिवसाला शंभरेक पक्षी जातात, रविवारी जास्त, आणि गटारीला तर विचारूच नका. पाय-मुंडी घेणारं गिऱ्हाईक ठरलेलं आहे, आतडी एक तळेवाला घेऊन जातो. राहतात ती पिसं. मशीनमधून ओली निघतात, रोज दोन पोती.

पूर्वी एक टेम्पो यायचा, तो बंद झाला. मग आमच्याच रानात जेसीबीनं पाच फुटी खड्डा काढला आणि वर्षभर त्यात टाकली. आता पाइपलाइनसाठी तिथलीच कडा उकरली तर चौदा महिन्यांपूर्वीची पिसं जशीच्या तशी! काळी पडलेली, वास मारणारी, पण पीस न् पीस ओळखू येतंय. गावातून तक्रार झाली, कुत्री पिसं उकरून देवळापर्यंत नेतात म्हणून. तक्रार खरी आहे, त्यामुळे भांडायलाही तोंड नाही.

भाचा बीएस्सीला आहे. तो म्हणतो, पिसं खाणारी बुरशी असते, तिचं एन्झाइम मिळतं, ते शिंपडलं की पिसांचं पाणी होतं. खरं का? कुठं मिळतं? केवढ्याला?

साबुदाणा | ८ जून, दुपारी ३:२२

उशा भरायचा धंदा काढा. चौदा महिने जमिनीत मुरवलेल्या, आयुर्वेदिक.

शंकासुर | ८ जून, दुपारी ४:०५

भाच्याला म्हणावं, आधी शिंपडून दाखव.

दोन किलोच्या ब्रॉयलरमागे वजनाच्या ५ ते ७ टक्के पिसं धरली तरी १०० ते १४० ग्रॅम झाली. शंभर पक्ष्यांची १० ते १४ किलो, पाण्यासकट दुप्पट. म्हणजे महिन्याला पाव टनाच्या वर नुसती कोरडी पिसं. एवढ्याला पुरणारं एन्झाइम दुकानाच्या नफ्यात बसेल का, हा प्रश्न आधी. प्रयोगशाळेच्या बाटलीत सगळंच विरघळतं, माणसाची उमेदसुद्धा.

गप्पिष्ट_काकू | ८ जून, संध्याकाळी ५:४८

जाळत का नाहीत?

माणदेशी_मीनल | ८ जून, संध्याकाळी ६:१५

काकू, ओली पिसं जळत नाहीत, नुसती धुमसतात. एकदाच करून बघितलं. समोरच्या वस्तीवरच्या आजी काठी घेऊन आल्या होत्या. केस जळल्याचा वास असतो ना, तोच, शंभरपट.

बुरशीवाला | ८ जून, रात्री ९:४०

मीनलताई, भाचा अर्धा बरोबर आहे. बुरशी असते. नुसती असते असं नाही, तुमच्या रानात आत्ता या क्षणी आहे. पाणी होण्याची गोष्ट मात्र जरा लांबची.

मी पुण्यात काही वर्षं याच कामावर घालवली, पोल्ट्रीच्या शेडमधली आणि उकिरड्यावरची माती गोळा करत. पद्धत इतकी साधी आहे की हसू येईल. काचेच्या बशीत माती घ्यायची, ओलसर करायची, वर निर्जंतुक केलेले केस किंवा पिसाचे तुकडे पसरायचे, झाकण लावून अंधारात ठेवून द्यायचं. तीन-चार आठवड्यांत केसांवर पिठूळ पांढरी-पिवळसर लव येते. हिला केसांचं आमिष म्हणा. वानब्रुसेगेम नावाच्या बेल्जियन शास्त्रज्ञानं १९५२ साली ही रीत रूढ केली, अजून तीच चालते. आमचे केस कोपऱ्यावरच्या सलूनमधून यायचे. त्या दादांना वाटायचं मी काहीतरी करणी करतो.

आपल्याकडच्या मातीत बहुतेक वेळा क्रायसोस्पोरियम सापडते. तिच्या एका जातीचं नावच क्रायसोस्पोरियम इंडिकम आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी जेवायला जायचं विसरलो होतो. बुरशीचा धागा केसावर आडवा पडलेला असतो, आणि मधेच तो खाली वळून केसात काटकोनात घुसतो. सुरवंट पान कुरतडतो तसं नाही, सुतार गिरमिटानं भोक पाडतो तसं.

आता हे एवढं अवघड का? पीस म्हणजे जवळजवळ ९० टक्के केराटिन. केस, नखं, शिंगं, खूर, लोकर सगळी याच कुळातली. प्रथिनच आहे, पण त्याच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या बंधांनी जखडलेल्या असतात, आणि वर गच्च पीळ. पोटातलं पेप्सिन किंवा पपईतलं पपेन मांस मऊ करतं, पिसाचं मात्र त्याला काही करता येत नाही. कात्री आहे, पण कापडाची घडीच उलगडत नाही. म्हणून मांजर अंग चाटताना केस गिळते आणि त्यांचा गोळा ओकते.

बुरशी दोन कामं करते. केराटिनेज नावाची विकरं (म्हणजे एन्झाइम) बाहेर सोडते, ती झाली कात्री. आणि सल्फाइट सोडते, ते गंधकाचे बंध फोडतं. मजा अशी की केराटिन खाल्ल्यावर तिच्या अंगात गंधक जास्त होतं, आणि तेच ती सल्फाइट करून बाहेर टाकते. म्हणजे तिच्या उष्ट्यातूनच पुढचा घास मऊ होतो. सोबत अमोनिया सुटतो, भोवतालचं सगळं अल्कधर्मी होतं, आणि तेही तिच्या पथ्यावर पडतं.

तुमच्या खड्ड्याचं काय चुकलं ते उद्या लिहितो, आता लाइट जाणार असं दिसतंय.

साबुदाणा | ८ जून, रात्री ९:५१

वाचनखूण साठवली. मांजराचं आजच कळलं.

पार्लरवाली_प्राची | ८ जून, रात्री १०:३०

बुरशीवाला दादा, गंधकाचे बंध आम्ही रोज तोडतो! केस कुरळे करायचं लोशन असतं ना, कुजक्या अंड्यासारख्या वासाचं, त्यातलं थायोग्लायकोलेट हेच करतं. बंध तोडायचे, केस रोलरवर गुंडाळायचे, मग पेरॉक्साइडनं बंध परत जोडायचे. केस नव्या आकारात पक्के. केस काढायच्या क्रीममध्येही तेच, फक्त जास्त कडक. तिथं परत जोडत नाहीत, पुसून टाकतात.

गप्पिष्ट_काकू | ८ जून, रात्री १०:४४

प्राची, मग त्या केराटिन ट्रीटमेंटमध्ये काय घालतात? माझ्या सुनेनं ७ हजार दिले.

पार्लरवाली_प्राची | ८ जून, रात्री १०:५२

काकू, या विषयावर धंद्यातल्या माणसाला बोलायला लावू नका.

रानवारा | ९ जून, सकाळी ६:२०

मीनलताई, मी सांगलीकडचा. ऊस आणि थोडी भाजी, बारा वर्षं सेंद्रिय. पिसांचं खत मी करतो. एन्झाइम विकत आणलेलं नाही. कृती दुपारी लिहितो, आता पाण्याची पाळी आहे.

शंकासुर | ९ जून, सकाळी ९:१५

एकाचा लाइट जातो, दुसऱ्याची पाण्याची पाळी. मालिका आहे का ही?

त्वचावैद्य | ९ जून, सकाळी ११:००

धाग्यात न बोलावता शिरतोय. मंडळी, पिसं खाणाऱ्या बुरशीचं कौतुक वाचून मला ओपीडीतली रांग आठवली. गजकर्ण, नायटा, नखं पिवळी-ठिसूळ होणं, हे सगळं याच आडनावाच्या बुरशीचं काम. त्वचेचा वरचा मेलेला थर केराटिनचाच, तो ती खाते. म्हणजे जे विकर मीनलताईंना पोत्यानं हवंय, तेच माझे पेशंट फुकट अंगावर घेऊन फिरतात.

आमच्याकडेही केसाला भोक पाडण्याची चाचणी आहे. लहान मुलाचे निर्जंतुक केलेले केस घ्यायचे, त्यावर रुग्णाकडची बुरशी वाढवायची. ट्रायकोफायटॉन मेंटाग्रोफायटिस भोक पाडते, ट्रायकोफायटॉन रुब्रम पाडत नाही. दोघी बहिणींसारख्या दिसतात, या चाचणीत वेगळ्या ओळखू येतात.

आणि एक जाता जाता. गजकर्णावर दुकानातून स्टेरॉइड मिसळलेली मलमं आणून लावू नका. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आतून पसरते. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी एक जात आता इतकी पसरली आहे की २०२० मध्ये तिला स्वतंत्र नाव दिलं, ट्रायकोफायटॉन इंडोटिनिए. नावात आपला देश आला, पण मिरवण्यासारखं काही नाही.

साबुदाणा | ९ जून, सकाळी ११:०८

हे वाचल्यापासून कोपर खाजतंय.

बुरशीवाला | ९ जून, संध्याकाळी ७:३०

डॉक्टरांनी मुद्द्याचं सांगितलं. घरी केसांचं आमिष लावून बघायचा मोह होईल, पण मातीतल्या काही जाती, विशेषतः नॅनिझिया जिप्सिया, माणसाला लागते. झाकण उघडून हुंगू नका, हातमोजे घाला, झालं की उकळत्या पाण्यात टाका. मी एकदा आळस केला होता. मनगटावर रुपयाएवढं गोल चकंदळ आलं, महिनाभर फुल बाह्यांचा शर्ट घालून वर्गात शिकवलं.

आता खड्डा. या बुरश्यांना हवा लागते. पाच फूट खाली, वर माती दाबलेली, पिसं ओली, त्यात रक्त आणि चरबी. हवा नाही म्हटल्यावर बुरशी गुदमरते. मग बिनहवेचे जीवाणू सोपं अन्न संपवतात, म्हणजे रक्त, कातडीचे तुकडे. वास त्याचा. पिसाला कुणी हात लावत नाही. तुम्ही पिसं पुरली नाहीत, मुरंब्यासारखी टिकवलीत.

एक विचारतो. खड्ड्याच्या अगदी वरच्या थरातली पिसं कशी होती?

माणदेशी_मीनल | ९ जून, रात्री ८:४५

दादा, तुम्ही विचारलंत म्हणून टॉर्च घेऊन परत जाऊन आले. सासूबाई विचारत होत्या, रात्रीची पिसं बघायला कोण जातं.

वरचा वीतभर थर वेगळाच आहे! तिथं माती भुसभुशीत, आणि पिसं करड्या रंगाची, वर पीठ सांडल्यासारखं. बोटात धरलं की पातं भुगा होऊन गळतं, दांडा तेवढा हातात राहतो. दांडाही मोडला तर काडीसारखा कटकन तुटतो, वाकत नाही. त्याच्या खाली वीतभर गेलं की परत ती काळी, चिकट, जशीच्या तशी पिसं. (हातमोजे घातले होते. डॉक्टर, शपथ.)

बुरशीवाला | ९ जून, रात्री ८:५३

मग भाच्याला सांगा, एन्झाइम सापडलं. वरच्या वीतभर थरात आहे.

शंकासुर | ९ जून, रात्री ९:३०

थांबा. केराटिनेज हवेशिवाय मिळत नाही म्हणता, तर पोल्ट्रीच्या बायोगॅस टाकीत पिसं विरघळल्याचं मी वाचलंय, ते कसं? टाकीत कुठली हवा?

रॅलेकर | १० जून, पहाटे ४:१०

शंकासुर, ते आमच्या गावचं! मी गेली अठरा वर्षं नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅलेमध्ये आहे. इथल्या स्टेट युनिव्हर्सिटीत जेसन शी नावाचे प्राध्यापक कोंबडखताची टाकी चालवत होते, गरम, ५० अंशांवर. टाकीत गेलेली पिसं शेवटी दिसतच नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून त्यांनी बॅसिलस लायकेनिफॉर्मिस वेगळा काढला, नाव ठेवलं पीडब्ल्यूडी-१. पोल्ट्री वेस्ट डायजेस्टर, म्हणून पीडब्ल्यूडी. (आपल्या पीडब्ल्यूडीचा संबंध नाही, नाहीतर पिसं अजून तशीच असती.) तो जीवाणू ५० अंशांना दहाएक दिवसांत पिसं फस्त करतो. १९९० च्या आसपासची गोष्ट. पुढे त्याचंच एन्झाइम कोंबड्यांच्या खाद्यात घालायला बाजारात आलं, पचन सुधारायला.

म्हणजे कोंबडीच्या पिसातून निघालेलं कोंबडीच्याच पोटात. विठ्ठला.

बुरशीवाला | १० जून, सकाळी ८:००

बरोबर. तो जीवाणू आहे, बुरशी नाही, आणि त्याला ५० अंशांची ऊब होती. मीनलताईंचा खड्डा थंड होता. जीवाणूचं एन्झाइम कारखान्यात वाढवायला सोपं, म्हणून बाजार त्यानं मारला.

पण बुरशीची बाजूही ऐका. जगातल्या जवळजवळ प्रत्येक डीएनएच्या प्रयोगशाळेत प्रोटिनेज के नावाची कुपी असते. ते बुरशीचं विकर आहे, ट्रायटिरॅकियम आल्बम हिचं. १९७४ मध्ये वेगळं केलं. नावातला 'के' केराटिनचा, ते केराटिन खातं म्हणून. करोनाच्या काळात ज्यांच्या नाकात काडी गेली, त्यांतल्या कितीतरी नमुन्यांवर याच बुरशीनं कात्री चालवली असेल.

आणि इथंच भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पोलिसांच्या प्रयोगशाळेत केसातून डीएनए काढायचा असतो, तेव्हा नुसतं प्रोटिनेज के घालून भागत नाही. सोबत डीटीटी नावाचं रसायन घालतात, गंधकाचे बंध तोडायला. नावात केराटिन असलेल्या विकरालासुद्धा साथीदार लागतो. प्राचीताईंचं लोशन आणि बुरशीचं सल्फाइट दोन्ही तेच काम करतात. बाटलीतलं एकटं विकर ढिगावर शिंपडून पिसांचं पाणी होत नाही ते यामुळे. जिवंत बुरशी सगळं बिऱ्हाड घेऊन येते.

डेन्मार्कमध्ये २०१५ च्या सुमारास ओनिजेना कॉर्विना या बुरशीचा अभ्यास झाला. ही पक्ष्यांच्या पिसांवर उगवते, आणि तिचं बरं म्हणजे ती कुणाला आजार देत नाही. तिथंही हेच दिसलं, की एका विकरानं भागत नाही. एक साखळी मधून तोडणारं, एक टोकाकडून कुरतडणारं, एक उरलेले बारके तुकडे मोडणारं, अशी तीन मिळून काम होतं. तिची बहीण ओनिजेना इक्विना कुजक्या शिंगांवर आणि घोड्याच्या खुरांवर उगवते, छोट्या देठावरच्या गोल टोप्यांसारखी.

रानवारा | १० जून, दुपारी १:४०

शिंगावरची बुरशी म्हणालात म्हणून. शिंगखत करणारे गाईचं शिंग शेणानं भरून पुरतात, सहा महिन्यांनी काढतात. तेच शिंग तीन-चार वर्षं वापरलं की ठिसूळ होतं, पापुद्रे सुटतात. आम्ही म्हणायचो शिंगाची ताकद संपली. ती बुरशीच्या पोटात गेली म्हणायची.

आता कृती. मीनलताई, वहीत लिहून घ्या.

एक टोपलं पिसं, चार टोपली उसाचं पाचट (कुट्टी करून), एक टोपलं ताजं शेण. पिसात नत्र फार, शंभर किलोत पंधरा किलोच्या आसपास, कर्ब त्या मानानं काहीच नाही. पाचट कमी घातलं की अमोनियानं डोळे चुरचुरतात, म्हणजे तुमचा नत्र उडून चालला. वास आला की पाचट वाढवायचं, दुसरं काही नाही.

पिसं कोरडी टाकू नका, पाणी घसरून जातं. शेणकाल्यात रात्रभर बुडवून ठेवा. ढीग जमिनीच्या वर लावा, चार फूट रुंद, साडेतीन-चार फूट उंच, खड्ड्यात अजिबात नको. मधोमध दोन-तीन बांबू उभे करून आठवड्यानं काढून घ्या, ती भोकं म्हणजे ढिगाचं नाक. आठ दिवसांत ढीग इतका तापतो की हात घालवत नाही. पंधरा दिवसांनी पालथा घालायचा. तिसऱ्यांदा पालथा घातला की ढीग निवतो, मग बुरशीची पाळी. विरजण म्हणून तुमच्या खड्ड्यातला तो वरचा वीतभर थर घाला. दुकानातलं कुठलंही विरजण त्याच्यापुढं फिकं.

मला पाच महिने लागतात. पावसाळ्यात वर झाप किंवा जुना फ्लेक्स टाका.

शंकासुर | १० जून, दुपारी २:३०

पाच महिने. दिवसाला दोन पोती. म्हणजे एका वेळी तीनशे पोती मुरत पडलेली. जागा?

रानवारा | १० जून, दुपारी ३:०५

पिसांचं पोतं म्हणजे सगळी हवा. शेणकाल्यात बुडवलं की दोन पोत्यांचं अर्धं टोपलं होतं. दोन गुंठे पुरतात. तुमच्या फ्लॅटमध्ये नाही होणार हे खरं.

कोल्हापुरी_पायताण | १० जून, संध्याकाळी ६:००

आमच्या घरात चार पिढ्या कातडं कमावलं. तुमच्या धाग्यात उलटी बाजू सांगतो. तुम्हाला केराटिन संपवायचंय, आम्हाला फक्त केस काढायचेत आणि कातडं शाबूत ठेवायचंय.

आजोबा चुन्याच्या हौदात कातडं आठ-दहा दिवस ठेवायचे, मग लाकडाच्या ओंडक्यावर टाकून बोथट सुरीनं केस खरवडायचे. पुढं बाभळीची साल आणि हिरडा. त्यांच्या बोटांची कातडी कायम सोललेली असायची, चुना माणसाचं आणि जनावराचं कातडं वेगळं ओळखत नाही. मोठ्या टॅनरीत चुन्याबरोबर सोडियम सल्फाइड घालतात. काम एका दिवसात होतं, केसांचा लगदा होऊन गटारात जातो, आणि त्या पाण्याचा वास घेतलेला माणूस जन्मात विसरत नाही.

चेन्नईच्या चर्म संशोधन संस्थेनं एन्झाइमनं केस काढायच्या पद्धतींवर बरंच काम केलंय. विकर केसाच्या मुळाशी सैल करतं, केस अख्खे निघतात, कातडं राहतं. अट एकच. विकरानं केराटिनवर हात मारावा, कातड्याच्या कोलॅजनला हात लावू नये. लावला तर चप्पल नाही, सूप.

बुरशीवाला | १० जून, संध्याकाळी ६:४०

शेवटचं वाक्य विद्यार्थ्यांना सांगणार आहे, परवानगी गृहीत धरतो. पुण्यात एनसीएलमध्येही (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) कोनिडिओबोलस या बुरशीच्या अल्कधर्मी प्रोटिएजवर, म्हणजे प्रथिनं तोडणाऱ्या विकरावर, पूर्वी काम झालंय. आणि आघारकर संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे. भाच्याला प्रकल्पासाठी शुद्ध वाण हवं असेल तर कॉलेजमार्फत तिथं विचारू देत.

गप्पिष्ट_काकू | ११ जून, सकाळी १०:१०

हे सगळं वाचून मी लोकरीच्या शालींचं कपाट उघडलं. कसर लागलेली. ती कसर पण केराटिनच खाते ना? तिच्या पोटात बुरशी असते का?

बुरशीवाला | ११ जून, सकाळी १०:३५

काकू, फार छान प्रश्न. कसरीच्या अळीला बुरशीची गरज नाही. तिच्या आतड्यातच असं वातावरण असतं की गंधकाचे बंध आपोआप तुटतात. प्राचीताईंचं लोशन पोटात घेऊन जन्मलेली अळी म्हणा. शाली कडक उन्हात टाका.

नागपुरी_संत्रं | ११ जून, दुपारी १२:२०

अवांतर, पण मले एक सांगा. लहानपणी गल्लीत बाई यायची, "केसांवर भांडीऽऽ, केसांवर फुगेऽऽ". आजी कंगव्यातले केस भिंतीच्या भोकात जपून ठेवे. एवढे केस जात कुठं होते?

पार्लरवाली_प्राची | ११ जून, दुपारी १:००

गंगावनं, विग. लांब केसांना चांगला भाव. तिरुपतीचे केस लिलावात जातात ते त्यासाठीच. आमच्या दुकानातले आखूड केस कुणी घेत नाही, ते घंटागाडीत.

रॅलेकर | ११ जून, रात्री ९:४५

केसातून आणि पिसातून सिस्टीन पण काढतात, तीव्र आम्लात उकळून. पावाचं पीठ सैल करायला ते घालतात, वेष्टनावर ९२० नंबर असतो. युरोपात माणसाच्या केसातून काढलेलं चालत नाही, तसा नियमच आहे. पिसातलं चालतं.

गप्पिष्ट_काकू | ११ जून, रात्री ९:५८

म्हणजे पाव शाकाहारी नाही???

शंकासुर | ११ जून, रात्री १०:०२

झालं. धागा मेला. आता तीनशे प्रतिसाद पावावर.

गप्पिष्ट_काकू | ११ जून, रात्री १०:०५

चतुर्थीला वडापाव खाल्ला होता हो मी.

कोल्हापुरी_पायताण | ११ जून, रात्री १०:२०

काकू, आपल्या बेकरीतला पाव यीस्टवर फुगतो. यीस्ट पण बुरशीच. शांत झोपा.

*(पावाच्या शाकाहारीपणावरचे ३६ प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – व्यवस्थापन)*

त्वचावैद्य | १३ जून, सकाळी ११:१५

मूळ विषयावर येतो. मीनलताई, ढीग पालथा घालताना मास्क लावा, डबल. ढिगात अॅस्परजिलस नावाची बुरशी भरपूर असते, तिची धूळ छातीला वाईट. दमा असलेल्या माणसाला त्या कामाला लावू नका.

रानवारा | १३ जून, दुपारी २:००

आणि मेलेले, आजारी पक्षी त्या ढिगात कधीच नकोत. २००६ ला नवापुरात बर्ड फ्लू आला, देशातला पहिला, तेव्हाचे दिवस पोल्ट्रीवाल्यांना आठवत असतील. मर झाली तर आधी पशुवैद्यकाला कळवायचं आणि ते सांगतील तसं चुना टाकून पुरायचं. तिथं खड्डाच बरोबर.

माणदेशी_मीनल | १४ जून, सकाळी ७:३०

सगळ्यांचे आभार. एक कबुली देते. धागा काढायच्या आधीच दिरांनी १२०० रुपयांची "पिसं-विरघळ" पावडर मागवली होती. काल आली. डब्यावर एन्झाइम लिहिलंय, कुठलं ते लिहिलेलं नाही. वास गुळाचा. मी एका बादलीत पिसं, पाणी आणि ती पावडर, दुसऱ्या बादलीत पिसं, पाणी आणि खड्ड्याची वरची माती, असं करून ठेवलंय. बघू.

शंकासुर | १४ जून, सकाळी ७:४१

तिसरी बादली? नुसती पिसं आणि पाणी? नाहीतर तुलना कशाशी करणार?

माणदेशी_मीनल | १४ जून, सकाळी ७:५०

ठेवली! तुमच्या नावानं.

माणदेशी_मीनल | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:२०

धागा वर आणतेय, उधारी फेडायला.

बादल्यांचं आधी. पावडरची बादली आणि शंकासुरांची बादली तीन आठवड्यांनी सारखीच, दोन्हींत पिसं शाबूत. पावडरच्या बादलीत माश्या जास्त. मातीच्या बादलीतही खाली काही झालं नाही, पण जी पिसं वर तरंगत होती, अर्धी हवेत, त्यांच्यावर पांढरी लव आली. मला तेवढं पुरलं.

ढीग जूनच्या शेवटी लावला. पहिला फसला. मी पाचट हात राखून घातलं, आणि चौथ्या दिवशी दीर डोळे पुसत घरी आले. दुप्पट पाचट घालून परत रचला. मग तापला. सकाळी वाफ निघायची, वस्तीवरच्या आजी (त्याच, काठीवाल्या) शेकायला येऊन बसायच्या. ऑक्टोबरात पाऊस लांबला आणि एका बाजूनं पाणी शिरलं, तेवढा भाग परत काळा-चिकट झाला, तो काढून नव्या ढिगात टाकला.

मागच्या आठवड्यात चाळलं. खाली आलं ते चहाच्या चोथ्यासारखं, पिसाचा वास नाही, पावसानंतरच्या मातीचा आहे. चाळणीवर राहिले ते सगळे पंखांचे जाड दांडे. पोकळ, पिवळट, चुरडले की मोडतात पण अजून आहेत. ते परत नव्या ढिगात. पहिली दोन पोती सासूबाईंनी न विचारता तोंडल्याच्या वेलाला नेली.

पूर्ण दोन पोत्यांचा रोजचा हिशोब अजून बसत नाही. निम्मी पिसं आम्ही जिरवतो, निम्म्यांना एक गाडी लावलीय, फेदर मील करणाऱ्या कारखान्याकडे जाते. तिथं वाफेच्या दाबाखाली शिजवून खाद्यात घालतात. जुना खड्डा थोडा थोडा उकरून ढिगात घालतेय. देवळापर्यंत पीस गेलेलं नाही ऑगस्टपासून.

शंकासुर | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:३८

माझ्या नावाच्या बादलीचं काय केलंत?

माणदेशी_मीनल | १९ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:४४

ओतली ढिगात. सगळ्यात उशिरा कुजतेय.

बुरशीवाला | १९ नोव्हेंबर, रात्री ९:१०

ताई, ते चाळणीवरचे दांडे टाकू नका, दहा-बारा मला कुरिअर करा. पोकळीच्या आत करडी पूड दिसते का बघा. दिसली तर कागदात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नको, गुदमरेल.